एसजीपीटी नॉर्मल आला, तरी डॉक्टर काळजीत का?

कृष्णाकाठ (प्रश्न)

सर्वांस नमस्कार. माझे वडील ६३ वर्षांचे आहेत. ते एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झाले असून गेली सोळा वर्षे त्यांना मधुमेह आहे. ते माळकरी आहेत आणि दारूला त्यांनी आयुष्यात कधी हात लावलेला नाही, हे आधीच सांगते, कारण लिव्हरचा आजार म्हटले की समोरच्याच्या चेहऱ्यावर कोणता प्रश्न उमटतो, हे आम्हांला आता पाठ झाले आहे.

२०१७ मध्ये सोनोग्राफीत ‘ग्रेड २ फॅटी लिव्हर’ असे आले होते. तेलकट कमी खा आणि चालायला जा, एवढेच त्या वेळी सांगण्यात आले. पुन्हा कधी दाखवायला या, असे कोणी म्हटले नाही आणि आम्हीही विचारले नाही. आज तीन वेळचे अहवाल समोर ठेवून लिहिते आहे. २०१७ मध्ये यकृताच्या रक्ततपासणीतले एसजीपीटी १०८, एसजीओटी ७१ आणि प्लेटलेट १ लाख ८६ हजार होत्या. २०२१ मध्ये एसजीपीटी ६२, एसजीओटी ६३, प्लेटलेट १ लाख ३२ हजार. गेल्या महिन्यात, म्हणजे २०२५ मध्ये, एसजीपीटी ३४, एसजीओटी ५२, प्लेटलेट ९४ हजार. या शेवटच्या अहवालात एकूण बिलिरुबिन १.५, एकूण प्रथिने ७.४, अल्ब्युमिन ३.२ आणि रक्त गोठण्याच्या चाचणीतला आयएनआर १.३ आहे. नव्या सोनोग्राफीत चरबीचा उल्लेखच नाही; यकृताचा पोत खरबरीत आहे आणि प्लीहा १४.२ सेंटिमीटर आहे, असे लिहिले आहे.

घरात आम्ही खूश होतो. एसजीपीटी १०८ वरून ३४ वर आला, चरबी गेली, वजन दोन वर्षांत सात किलो उतरले आणि साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारे एचबीए१सी ७.९ वरून ६.२ झाले. वडिलांनी तर देवळात पेढे वाटले. मात्र यकृतविकारतज्ज्ञांनी यकृताचा कठीणपणा मोजणारा फायब्रोस्कॅन करून घेतला, त्यात २४ किलोपास्कल आले, आणि त्यांनी कागदावर ‘सिरॉसिस, चाइल्ड-पग ए, ६ गुण’ (सिरॉसिस म्हणजे यकृत व्रणांनी कठीण होणे, आणि चाइल्ड-पग ही त्याची तीव्रता मोजण्याची पद्धत) असे लिहून अन्ननलिकेची दुर्बिणीने तपासणी करायला सांगितली. वडील विचारतात, “ए म्हणजे पहिला वर्गच ना? मग दुर्बीण कशाला?” मला त्यांना नीट उत्तर देता येत नाही. एसजीपीटी मर्यादेत असताना आजार वाढलेला कसा असू शकतो, आणि यापुढे अहवाल हाती आला की नेमके काय पाहायचे, हे कोणी समजावून सांगेल का?


सूक्ष्मदर्शी

नमस्कार. मी पॅथॉलॉजीत बरीच वर्षे काम केले आहे, त्यामुळे अहवालाच्या बाजूने लिहितो. उपचारांचे मात्र आपल्या डॉक्टरांशीच बोलावे.

या घोटाळ्याचे मूळ चाचणीच्या नावातच आहे. आपण या तपासणीला ‘लिव्हर फंक्शन टेस्ट’ (एलएफटी) म्हणतो, पण त्या कागदावर सर्वांत आधी डोळ्यांत भरणारे एसजीपीटी आणि एसजीओटी हे आकडे यकृत काम किती करते हे सांगतच नाहीत. ही दोन्ही विकरे यकृताच्या पेशींच्या आत असतात. पेशी दुखावली किंवा फुटली की ती रक्तात सांडतात. म्हणजे हा आकडा सध्या किती पडझड चालू आहे एवढेच सांगतो. उभे काय उरले आहे ते सांगत नाही. वर्षानुवर्षे सूज राहून पेशींच्या जागी व्रणासारखी तंतुमय ऊती तयार झाली, की फुटायला पेशीच कमी उरतात आणि एसजीपीटी आपोआप खाली येतो. फॅटी लिव्हरमधून झालेल्या सिरॉसिसमध्ये हे इतके नेहमीचे आहे की, मधुमेही माणसाचा एसजीपीटी काही वर्षांत उतरत गेला आणि त्याच काळात प्लेटलेटही उतरल्या, तर आनंद मानण्याआधी मी मागचे अहवाल मागवतो. चरबीचेही तेच. आजार पुढच्या टप्प्यात गेला की यकृतातली चरबी बऱ्याचदा नाहीशी होते, त्यामुळे सोनोग्राफीत ‘फॅटी’ हा शब्द नसणे ही नेहमीच चांगली बातमी नसते.

आता आपल्याच आकड्यांकडे पाहा. २०१७ मध्ये एसजीपीटी एसजीओटीपेक्षा बराच जास्त होता, २०२१ मध्ये दोन्ही जवळजवळ सारखे झाले आणि आता एसजीओटी दीडपट आहे. दारू न पिणाऱ्या माणसात हे प्रमाण असे उलटत गेले तर तंतुमयता वाढत असल्याची शंका घ्यावी लागते. हीच गोष्ट एका आकड्यात मांडणारे सूत्र आहे, त्याला फिब-४ म्हणतात. वयाला एसजीओटीने गुणायचे आणि त्या गुणाकाराला प्लेटलेटची हजारांतली संख्या व एसजीपीटीचे वर्गमूळ यांच्या गुणाकाराने भागायचे. मी आपल्या वडिलांचे करून पाहिले. २०१७ मध्ये, ५५ व्या वर्षी, उत्तर २.०२ येते, २०२१ मध्ये ३.५८, आणि आता ६३ गुणिले ५२ भागिले ९४ गुणिले ५.८३, म्हणजे जवळजवळ ६. उत्तर १.३ च्या खाली असेल तर पुढे गेलेली तंतुमयता असण्याचा संभव कमी, आणि २.६७ च्या वर असेल तर तो बराच जास्त, असे फॅटी लिव्हरच्या रुग्णांत धरतात. सूत्र २००६ सालचे आहे आणि ते मुळात एचआयव्ही व हिपॅटायटिस सी असे दोन्ही संसर्ग असलेल्या रुग्णांसाठी मांडले गेले होते. फॅटी लिव्हरला ते नंतर लावले गेले. पहिले उत्तर अधल्यामधल्या पट्ट्यात होते, म्हणजे पुढची तपासणी त्याच वर्षी व्हायला हरकत नव्हती. पण त्याला आता इलाज नाही.

मग यकृताचे काम दाखवणारे आकडे कोणते? यकृत जे पदार्थ बनवते आणि जे बाहेर टाकते, त्यांचे. अल्ब्युमिन हे प्रथिन फक्त यकृतातच तयार होते. ते रक्तात सुमारे तीन आठवडे टिकते, म्हणून त्याचा आकडा सावकाश हलतो आणि मागच्या एक-दोन महिन्यांचा हिशेब सांगतो. रक्त गोठवणारे बहुतेक घटकही यकृतच बनवते, आणि त्यांतला सातवा घटक तर काही तासांतच संपतो. म्हणून आयएनआर एक-दोन दिवसांतही बदलू शकतो. ही चाचणी नेहमीच्या एलएफटीच्या कागदावर नसते, वेगळी सांगावी लागते. तिसरे बिलिरुबिन, जे यकृत बाहेर टाकते.

आपल्या अहवालातली एक जागा मुद्दाम दाखवतो, कारण तिथे पुष्कळांची फसगत होते. एकूण प्रथिने ७.४, म्हणजे अगदी मर्यादेत. पण त्यातून अल्ब्युमिन ३.२ वजा केले की ग्लोब्युलिन ४.२ उरते. हे जास्त आहे, आणि एरवी एकाहून जास्त असणारे ए/जी गुणोत्तर (अल्ब्युमिन भागिले ग्लोब्युलिन) आपल्याकडे ०.७६ आले असणार. सिरॉसिसमध्ये अल्ब्युमिन घटते, ग्लोब्युलिन वाढते आणि बेरीज पूर्वीइतकीच राहते. बेरजेवरून पाहणाऱ्याला काहीच बिघडलेले दिसत नाही.

शेवटी प्लेटलेट. आपल्याकडे प्लेटलेट म्हटले की पावसाळा आणि डेंग्यूच आठवतो. इथे कारण वेगळे आहे. यकृत कठीण झाले की आतड्यांकडून त्यात रक्त आणणाऱ्या मोठ्या शिरेतला दाब वाढतो, ते रक्त मागे तुंबते, प्लीहा मोठी होते आणि प्लेटलेट तिच्यात अडकून राहतात. शिवाय प्लेटलेट तयार करण्याचा इशारा देणारे संप्रेरक मुख्यतः यकृतात बनते, तेही कमी पडते. एकदाच कमी आलेली संख्या खोटीही असू शकते, कारण नळीत प्लेटलेटचे पुंजके झाले तर यंत्र त्यांना मोजत नाही आणि काचपट्टीवर पाहूनच खरे कळते. पण आठ वर्षांतले तीन अहवाल एकाच दिशेने जात असतील आणि प्लीहा १४ सेंटिमीटरच्या वर असेल, तर त्यावर विश्वास ठेवावा.


रानमेवा

ताई, इतक्या आकड्यांत अडकू नका. आमच्या गावाकडे काविळीवर भुईआवळ्याचा रस देतात, आणि माझ्या मेहुण्यांना तीन आठवड्यांत गुण आला होता. जोडीला सकाळी अनशापोटी गुळवेलीचा काढा द्यावा. नैसर्गिक असल्यामुळे अपाय होण्याचा प्रश्नच येत नाही.


वैद्यकी

मी फिजिशियन आहे. रानमेवा यांच्या हेतूबद्दल शंका नाही, परंतु हा सल्ला या रुग्णाला लागू करू नये. मेहुण्यांना झालेली कावीळ बहुधा हिपॅटायटिस ए किंवा ई या प्रकारची असावी. ती बहुतेक निरोगी प्रौढांत औषधाशिवायच काही आठवड्यांत उतरते आणि श्रेय त्या सुमारास जे पोटात गेले त्याला मिळते. इथे यकृत आधीच काठावर आहे. गुळवेलीबाबत सांगायचे तर, कोविडच्या काळात ती घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, आणि तो वाद इथे सोडवण्याचा माझा विचार नाही. माझा मुद्दा साधा आहे. नवा काढा सुरू केला आणि पुढच्या अहवालात एसजीपीटी ३४ चा १४० झाला, तर ते आजारामुळे की काढ्यामुळे हे कोणालाच सांगता येणार नाही. आधीच काही चालू असेल तर ते लपवू नका. पुडीसकट डॉक्टरांना दाखवा.

आता वडिलांच्या प्रश्नाकडे येतो. चाइल्ड-पगमधला ‘ए’ हा परीक्षेतला पहिला वर्ग नव्हे, हे खरे. पण तीन वर्गांतला तो सर्वांत बरा वर्ग आहे, हेही त्यांना अवश्य सांगा. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर, पोटातले पाणी आणि मेंदूवरचा परिणाम अशा पाच गोष्टींना प्रत्येकी एक ते तीन गुण असतात, म्हणजे कमीत कमी बेरीजही पाचच येते. वडिलांना बिलिरुबिन दोनच्या आत असल्याचा एक, आयएनआर १.७ च्या आत असल्याचा एक, पोटात पाणी नसल्याचा एक आणि बुद्धी स्वच्छ असल्याचा एक गुण आहे, अल्ब्युमिन २.८ ते ३.५ मध्ये आल्यामुळे तिथे दोन. बेरीज सहा. पाच-सहा म्हणजे ए, सात ते नऊ बी, दहा आणि त्यापुढे सी. आणखी एक गुण वाढला की वर्ग बदलतो, म्हणून डॉक्टर सावध आहेत.

दुर्बिणीचा संबंध एसजीपीटीशी मुळीच नाही. तो दाबाशी आहे. मागे तुंबलेले रक्त दुसऱ्या वाटा शोधते. त्यांतली एक वाट अन्ननलिकेच्या खालच्या टोकाच्या शिरांतून जाते. त्या फुगतात, दुखत नाहीत, जाणवत नाहीत आणि एखाद्या दिवशी फुटल्या तर रक्ताची उलटी होते. फायब्रोस्कॅन २० किलोपास्कलच्या आत आणि प्लेटलेट दीड लाखाच्या वर असतील, तर अशा मोठ्या शिरा असण्याचा संभव इतका कमी असतो की दुर्बीण टाळता येते. वडील दोन्ही कसोट्यांच्या पलीकडे आहेत. शिरा दिसल्या, तर दाब कमी करणाऱ्या गोळ्या किंवा शिरेला रबरी कडे बांधणे असे दोन्ही उपाय आहेत, आणि ते रक्तस्राव होण्याच्या आधी करायचे असतात.

आपण लिहिलेल्या आणखी दोन चांगल्या बातम्यांवरही मला थांबावेसे वाटते. एचबीए१सी ही चाचणी तांबड्या पेशी सुमारे चार महिने जगतात हे गृहीत धरून चालते. मोठ्या प्लीहेत त्या लवकर नष्ट होतात, त्यामुळे हा आकडा खोटाच कमी दिसू शकतो. वडिलांची साखर घरच्या यंत्रावर, जेवणाआधी आणि नंतर, तपासून पाहा. आणि सात किलो वजन ठरवून, चालून, खाणे बदलून उतरले असेल तर ते उत्तमच. पण दंड आणि मांड्या बारीक झाल्या असतील, खुर्चीतून उठताना हातांचा आधार लागत असेल, तर ते स्नायू झिजल्याचे लक्षण आहे. अशा रुग्णाला प्रथिने कमी देणे ही जुनी चूक आहे. दर किलो वजनामागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. दूध, दही, पनीर, डाळी, उसळी आणि सोयाबीन यांतून माळकरी माणसालाही ती मिळतात. मात्र मूत्रपिंडाचा त्रास असल्यास आधी विचारावे. रात्रीचा उपास लांबू देऊ नये. झोपण्यापूर्वी दूध आणि भाकरीचा तुकडा एवढेसुद्धा चालते. सिरॉसिस असलेल्या शरीरात एका रात्रीच्या उपाशीपणाने जे होते, ते निरोगी माणसात दोन-तीन दिवस न खाल्ल्याने होते. त्यामुळे निर्जळी एकादशीचा विषय घरात काढावाच लागेल. तो आपण कसा काढायचा, ते मी सांगू शकत नाही.


जुनी वही

मी डॉक्टर नाही, रुग्ण आहे. मला हिपॅटायटिस सी होता. २०१६ मध्ये तीन महिन्यांच्या गोळ्यांनी विषाणू गेला, पण तोवर सिरॉसिस झालेला होता आणि तो राहिला. तेव्हापासूनचे सगळे अहवाल मी एका लांबट वहीत उतरवून ठेवले आहेत. तारीख, प्रयोगशाळा, बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर, प्लेटलेट, सोडियम, क्रिएटिनिन, वजन आणि शेवटी एक रुंद रकाना, ज्यात त्या आठवड्यात ताप, जुलाब किंवा नवी गोळी असे काही होते का ते लिहितो. हा शेवटचा रकानाच मला सर्वांत उपयोगी पडला आहे.

एक प्रसंग सांगतो. तीन वर्षांपूर्वी एसजीओटी ४४ चा एकदम ९१ झाला आणि मी दोन रात्री झोपलो नाही. सकाळी रक्त घ्यायला आलेल्या मुलाला शीर सापडत नव्हती. त्याने पट्टा बराच वेळ आवळून ठेवला, सुई दोनदा फिरवली आणि नळी डबीत टाकून तो पुढच्या घरी गेला होता. अहवालाच्या तळाशी, प्रयोगशाळेच्या पत्त्याच्या वर, बारीक अक्षरांत एक ओळ होती: ‘नमुना हिमोलाइज्ड.’ डॉक्टरांनी ती बोटाने दाखवली. तांबड्या पेशी नळीतच फुटल्या होत्या आणि त्यांच्यातलाच एसजीओटी मोजला गेला होता. चार दिवसांनी केंद्रावर जाऊन दिलेल्या रक्तात तो ४६ आला. तेव्हापासून मी अहवाल तळाकडून वर वाचतो.

प्रयोगशाळा शक्यतो बदलू नका. एसजीपीटीची वरची मर्यादा कुठे ४० छापलेली असते, कुठे ५५. त्यामुळे तोच आकडा एका कागदावर ठळक येतो आणि दुसऱ्यावर साधा. ठळक अक्षरांवर जाऊ नका, मागच्या आकड्याशी ताडून पाहा. माझ्या प्लेटलेट आठ वर्षे सत्तर ते ऐंशी हजारांच्या दरम्यान आहेत. पहिल्या वर्षी मला त्याची धास्ती वाटायची, आता तो आकडा जिथल्या तिथे असला की बरे वाटते.

आणखी एक, जे मला उशिरा कळले. रक्ताचे सगळे आकडे जागेवर असतानाही यकृतात गाठ होऊ शकते, म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायचीच असते. सोबत एएफपी ही रक्तचाचणीही करतात. माझा एक बाकावरचा मित्र (ओपीडीतल्या बाकावरचा, शाळेतला नव्हे) एलएफटी चांगली आली म्हणून दोनदा सोनोग्राफीला गेला नाही.


कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मध्ये तीन आठवडे गेले, म्हणून सविस्तर लिहिते.

सूक्ष्मदर्शी यांचे उत्तर मी वडिलांना वाचून दाखवले. ‘पडझड’ आणि ‘उभे काय उरले’ हे त्यांना लगेच पटले. आमचा गावाकडचा वाडा आठवून ते म्हणाले, “बरोबर आहे, आता माती पडत नाही, कारण भिंतच राहिली नाही.” मग थोडा वेळ कोणी काही बोलले नाही.

दुर्बिणीची तपासणी झाली. शिरा आहेत, पण लहान आहेत, आणि डॉक्टरांनी दाब कमी करणारे कार्व्हेडिलॉल अगदी कमी मात्रेत सुरू केले आहे. वैद्यकी यांनी सांगितल्याप्रमाणे घरच्या यंत्रावर साखर पाहिली, तर जेवणानंतर २४० च्या आसपास येत होती, म्हणजे ६.२ या एचबीए१सीवर आम्ही उगाच निर्धास्त होतो. खुर्चीतून उठताना ते हात टेकतात, हेही खरेच होते. आम्ही ते वयाच्या नावावर खपवले होते. गुडघ्यासाठी ते अधूनमधून डायक्लोफेनॅकची गोळी घेत होते, हे या निमित्ताने उघड झाले. ती डॉक्टरांनी तत्काळ बंद केली, कारण या आजारात ती मूत्रपिंडाला घातक ठरू शकते. त्याऐवजी पॅरासिटामॉल दिवसाला दोन ग्रॅमच्या आत घ्यायला सांगितले आहे. एकादशीला आता दूध, राजगिरा आणि शेंगदाणे घेण्यावर तडजोड झाली आहे. निर्जळी फक्त आषाढीला, असे ते म्हणतात, आणि आषाढीला अजून अवकाश आहे.

जुनी वही यांचे वाचून वडिलांनीही रकाने आखले. तीस वर्षे दिवसाअखेर वेबिलाचा, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा ताळा जमवलेला माणूस, त्यामुळे पट्टी लावून, लाल शाईने. तिन्ही जुने अहवाल त्यांनी स्वतः उतरवले, ए/जी गुणोत्तर स्वतः काढले आणि २०२१ च्या कागदावर अल्ब्युमिन ३.६ होते हे मला दाखवले. ते तेव्हा ठळक नव्हते, म्हणून आमच्यापैकी कोणी पाहिलेच नव्हते. एसजीपीटीचा रकाना मात्र त्यांनी हट्टाने पहिलाच ठेवला आहे.